कपड्यांचं थडगं

६ जानेवारी

चि. सौ. थोरलीस,

अनेक आशीर्वाद, पाय बरा होईपर्यंत पुरतील एवढे. वि. वि.

मी तुझ्या बहिणीची सासू. सुई धरणाऱ्या हाताला पेन जड जातं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. घरात फोन आहे, पण तुम्ही दोघी बहिणी फोनवर नुसत्या रडता. आणि मी बोलले तर भिंतीपलीकडे तिला सगळं ऐकू जातं. म्हणून हे पत्र, आणि तेही ती कारखान्यात गेल्यावर.

बोट जाऊन वर्ष होत आलं. वादळानंतर दोन फळ्या आणि एक तेलाचं पिंप किनाऱ्याला लागलं, माणूस एकही नाही. बोटीवरच्या बाकीच्यांच्या घरच्यांनी मन घट्ट केलं आणि आपापल्या माणसांना निरोप दिला. दफनभूमीत त्यांच्या नावाचे दगड बसले. माझ्या मुलाचा तेवढा बसायचा राहिलाय, कारण तुझी बहीण नाही म्हणते. ती म्हणते की जो येणार आहे त्याला निरोप कसला द्यायचा. बायको नको म्हणत असताना आईने परस्पर उरकून टाकावं, हे माझ्या मनाला पटत नाही. तिच्या होकाराशिवाय मी पाऊल उचलणार नाही, पण होकार काही येत नाही.

रोज सकाळी बर्फाच्या कारखान्यात जायच्या आधी ती बंदरावर रेडिओच्या खोलीत डोकावते, काही खबर आली का विचारायला. तिथला माणूस आता तिला लांबून बघितलं की चहाला पळतो. परवा मी घरात माझ्या मुलाच्या खुर्चीवर नुसतं बेतलेलं कापड ठेवलं, तर माझ्याशी अबोला. मी सांगायला गेले की पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझंही तोंड फटकळ, ते मला कळतं.

तू तिची थोरली. तुझं ऐकेल. मी काही दगडाची नाही, पण माझं वय झालंय. मी त्याला निरोप न देताच गेले, तर मग त्याला निरोप देणार कोण? तिला चार भिंतींतून बाहेर काढ, कुठेतरी पाठव, डोकं जरा मोकळं कर. मग हळूच विषय काढ.

पायाला जप. शिडीवर चढायची कामं नवऱ्याला सांगायची असतात. माया आहे, ती आहे तिथेच राहू दे.

तुझ्या बहिणीची सासू


१४ जानेवारी

चि. मुंगीस,

अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

माझा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि मी खिडकीत बसून उंटावरून शेळ्या हाकतेय. चष्म्याच्या दुकानात तुझे भावजी एकटे. काल त्यांनी एका आजीबाईंना दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा चष्मा दिला. त्या तो लावून घरी गेल्या आणि संध्याकाळी येऊन म्हणाल्या की सून एकदम बारीक दिसायला लागली, हाच चष्मा राहू द्या. आता सांग, यांना एकट्याने दुकान सांभाळू देऊन मी कशी झोपू?

बरं, कामाचं. सोबत दोन तिकिटं आहेत. तुमच्यापासून सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल, त्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात जुन्या चिनी वस्तूंचं प्रदर्शन आलंय. फार जुन्या, दोन दोन हजार वर्षांच्या. भावजींचे एक मित्र सांगत होते की बघण्यासारखं आहे. रेशीम असेल, फुलदाण्या असतील, पंखे असतील. सासूबाईंना कापडाची हौस, तुला नाजूक वस्तूंची. दोघी जा. पाय धड असता तर मीच तुझी वेणी ओढत तुला नेलं असतं.

नाही म्हणू नकोस. एक दिवस बंदराकडे नाही गेलीस तर समुद्र काही आटत नाही. आणि मुंगे, सासूबाईंना एकदा नीट बघ गं. त्या बोलतात तिखट, पण त्यांचाही मुलगा आहे. त्यांना निरोप द्यायचाय, तुझ्या एका शब्दासाठी थांबल्यात. मी तुला काही कर म्हणत नाही. नुसतं बघ म्हणते.

कप्तानांची मलाही आठवण येते. बोटीच्या इंजिनाखाली आयुष्य घालवलेल्या माणसाला कप्तान म्हणायला मीच सुरुवात केली होती, आणि तो गडी सलाम ठोकून हजर व्हायचा. लिहिताना डोळे भरतात, म्हणून इथेच थांबते.

रागावलीस तर राग पाठव, पण पत्रातून. लोभ माझा न मागता मिळतोच आहे.

तुझी लंगडी ताई


२० जानेवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. वाकून करत होते, पण तुझं पत्र उघडलं आणि ताठ झाले.

‘सौ.’ कुठे गेलं, ताई? आजवर तुझं एक पत्र आलं नाही ज्यात माझ्या नावामागे ते नव्हतं. घाईत राहिलं म्हणशील, पण तुला मी ओळखते. तू लिहायला घेतलंस, थांबलीस, आणि सोडून दिलंस. आमच्या आई, सासूबाई, म्हणतात ते तोंडावर म्हणतात. तू गुपचूप खोडलंस, ते जास्त लागलं. मी अजून आहे तीच आहे, एवढं लक्षात ठेव.

त्या दिवशी निघताना तो म्हणून गेला होता की इंजिन कुरकुरतंय, पण पोचवेल. तो कधी उगीच बोलत नाही. इंजिनाबद्दल तर नाहीच. बोटीचे कितीतरी तराफे लांब वाहत जातात, माणसं कुठल्या तरी बेटावर निघतात, महिनोन्‌महिने भाषा कळत नाही, कागदपत्रं नसतात. असं झालेलं आहे, मी वाचलंय. तुम्ही सगळे शहाणे आहात, मला माहीत आहे. मला तेवढं शहाणं व्हायचं नाही.

प्रदर्शनाला जाईन. आईंना खरंच कापडाची हौस आहे आणि त्या वर्षभर मशीनवरून उठलेल्या नाहीत. पण मी त्यांना एक अट घातलीय. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत त्या विषयाचा एक शब्दही काढायचा नाही. त्या म्हणाल्या की ठीक आहे, तोंडाला टाके घालून येते.

भावजींना सांग, त्या आजीबाईंचा चष्मा मलाही हवाय. लोभाबद्दल तू लिहिलंस ते खरं, पण या वेळी जरा मागून घेते.

तुझी (अजूनही सौ.) मुंगी


४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

भावजींच्या त्या मित्राला एकदा मला भेटव. फुलदाण्या म्हणे! ताई, ते सगळं प्रदर्शन थडग्यांतलं होतं. एकूण एक वस्तू. आगीतून फुफाट्यात कसं पडतात, ते मी तुला आता सविस्तर सांगू शकते.

सुरुवात बरी झाली. बसमध्ये आईंनी पाव आणि उकडलेली अंडी काढली, आणि खरंच तोंडाला टाके घातल्यासारख्या गप्प होत्या. पहिल्या दालनात ब्राँझची मोठमोठी भांडी, हिरवी पडलेली, त्यांच्यावर डोळे वटारलेले चेहरे. आई म्हणाल्या की इतकी वर्षं कुणी घासली नसतील तर भांडी रागावणारच. मी हसले. किती महिन्यांनी हसले कुणास ठाऊक. शेजारी शाळेची मुलं होती, तीही हसली. मला वाटलं, ताईने चांगलं केलं, धाडलं ते.

मग आतल्या दालनात पाटी लावलेली. तिच्यावर लिहिलं होतं की इथून पुढच्या वस्तू मेलेल्यांसोबत पुरण्यासाठी केलेल्या आहेत, त्यांना पलीकडे काही कमी पडू नये म्हणून. मी आईंकडे बघितलं. त्या चष्मा घरी विसरल्या होत्या, त्यांना पाटी दिसलीच नव्हती. मागे फिरू म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि अट मीच घातलेली. तशीच पुढे गेले.

तिथे मातीचं अख्खं घर मांडलेलं होतं. वीतभर चूल, तिच्यावर तेवढीच पातेली. विहीर, तिच्या काठावर बादली. डुकरीण आणि तिला लुचणारी पिल्लं. गळ्यात पट्टा घातलेला कुत्रा, मान वर करून कुणाची तरी चाहूल घेत असलेला. आईंना फार आवडलं. मातीच्या बायकांच्या लांब बाह्यांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या की ही बाही तिरकी बेतल्याशिवाय अशी पडत नाही. त्यांना खेळणी वाटत होती, आणि मी त्यांना खेळणीच वाटू दिली.

आणि पुढच्या काचेत होडी होती, ताई.

हातभर लांब, भाजलेल्या मातीची. पुढे लटकलेला नांगर, मागे सुकाणू, मधे छप्पर, आणि छपराच्या बाजूने उभी असलेली बोटाएवढी माणसं. त्यांचे चेहरे झिजून सपाट झालेले. मी वेड्यासारखी इंजिनवाला शोधत होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या होडीत! काचेला नाक लावून, कोण खाली वाकलंय, कोणाचे हात काळे आहेत, ते बघत होते. रखवालदाराने काचेपासून लांब व्हा म्हणून सांगितलं. मी लांब झाले आणि पुन्हा जवळ गेले. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी हळू आवाजात. त्या लोकांनी मेलेल्या माणसाला होडी दिली होती, पलीकडे जायला. आमच्या माणसाला होडीच घेऊन गेली, आणि आम्ही त्याला बरोबर काहीसुद्धा दिलेलं नाही. हे माझ्या मनात आलं तेव्हा मला धक्का बसला, कारण त्यात मी त्याला मेलेल्यांत धरलं होतं.

आई तोवर एका बाकावर बसून पाय चोळत होत्या. त्यांच्या समोरच्या पेटीत फारसं काही नव्हतं. काळ्या कापडावर ब्राँझचा एक लहानसा आकडा, पट्टा अडकवायचा असतो तसा. एवढ्या मोठ्या पेटीत एवढीशी वस्तू का ठेवलीय, असं त्यांनी विचारलं, आणि खालची पाटी मला वाचायला सांगितली.

मी वाचली. मोठ्याने वाचावी लागली, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. लिहिलं होतं की हा माणूस दूर लढाईवर गेला आणि परत आला नाही. त्याचं शरीर मिळालं नाही, म्हणून घरच्यांनी त्याचे कपडे आणि टोपी पुरली आणि त्यालाच त्याचं थडगं मानलं. कपडे कुजून गेले. पट्ट्याचा आकडा राहिला.

 आई म्हणाल्या की पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. या वेळी माझा आवाज मधेच तुटला आणि शाळेच्या मुलांनी वळून बघितलं. आईंनी अट पाळली, ताई. एक शब्द काढला नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की कुठले कपडे द्यायचे हे त्यांनी कसं ठरवलं असेल. मी म्हणाले की पाटीवर नाही लिहिलेलं. घरच्यांनी आधी किती वाट बघितली, तेही नव्हतं लिहिलेलं.

परतीच्या बसमध्ये मीच बोलले. मी म्हणाले की आई, तुम्ही म्हणता तसं करू, त्याचे कपडे ठेवू आणि दगड बसवू. हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मला रडूसुद्धा आलं नाही, नुसतं आतून काहीतरी संपल्यासारखं झालं. आई खिडकीबाहेर बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. अजून अट पाळतायत, असं मला वाटलं.

तो येणार नाही, ताई. बघ, लिहिलं मी.  यापुढच्या पत्रात ‘सौ.’ लिहू नकोस.

एवढं वाचून तू रडशील आणि प्लास्टर भिजवशील. भिजव. आता तुझ्या लोभाशिवाय माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही.

तुझी मुंगी


९ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,

आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली तिकिटं कामी आली. तुझी बहीण हो म्हणाली. बावीस तारखेला सकाळी करायचं ठरलंय. खड्डा खणणाऱ्याला सांगितलं, दगडाचंही झालं. बंदरावरची माणसं येणार आहेत. मी वर्षभर म्हणत होते तसंच सगळं होतंय, म्हणजे मी जिंकले म्हणायचं.

कपडे मी निवडायचे, असं ती म्हणते, कारण बहुतेक सगळे मीच शिवलेले. मी काढले आणि परत कपाटात ठेवले. मग पुन्हा काढले. एक विचारते, हसू नकोस. थंडीचे द्यावेत की उन्हाळ्याचे? तुला काय वाटतं? मला काही सुचत नाही. मशीनवर बसते, पण दोरा सुईत जात नाही. चष्मा बदलायला झालाय बहुतेक. नवऱ्याला सांगून एक चांगला पाठव, आणि दुसऱ्या कुणाचा पाठवू देऊ नकोस.

तुझी बहीण आता बंदराकडे जात नाही. सरळ कारखान्यात जाते. मी दारातून बघते. आधी डावीकडे वळायची, आता उजवीकडे वळते.

थांबते. माया कमी करू नकोस.

तुझ्या बहिणीची सासू


१५ फेब्रुवारी

माझ्या मुंगीस,

सगळे आशीर्वाद, आणि मिठी. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले, मग भावजी रडले, मग दुकानात गिऱ्हाईक आलं तेव्हा ते लाल डोळ्यांनी बाहेर गेले. गिऱ्हाइकाने विचारलं की तुमच्याच चष्म्याने असं होतं का. मला हसू आलं आणि त्याचीही लाज वाटली.

रेशीम आणि पंख्यांच्या नावाखाली मी तुला थडग्यांत धाडलं. आपण होऊन तुझी जखम उघडली, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण मुंगे, जे मी शंभर पत्रं लिहून करू शकले नसते, ते तू स्वतःच्या तोंडाने वाचून केलंस. तुझा अभिमान वाटतो, आणि तू एवढी मोठी व्हायला नको होतीस असंही वाटतं.

डॉक्टर काही केल्या प्रवास करू देत नाहीत. एवढ्या दिवशी तुझ्याजवळ नसणार, हे मला खात राहील. पण सासूबाई आहेत. तू त्यांना हवं ते दिलंस, आता त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभेल आणि त्या तुला सांभाळतील. त्या खंबीर आहेत. त्यांना सांग, थंडीचे कपडे द्या. मातीत गारवा असतो.

चष्मा आजच पाठवला, मीच तपासून. माझा जीव तिथेच आहे, पाय तेवढा इथे आहे.

तुझी ताई


२३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

काल झालं. म्हणजे झालं नाही. सुरुवातीपासून सांगते.

सकाळी आई माझ्याआधी तयार होत्या. शर्ट, लोकरीचा स्वेटर आणि टोपी, सगळं इस्त्री करून पांढऱ्या कापडात बांधलेलं. वाटेत त्या माझ्यापुढे भराभर चालत होत्या. मला वाटलं, शेवटी यांना हवं ते मिळतंय, म्हणून पायांत बळ आलंय. कारखान्यातल्या बायका आल्या होत्या, बोटीवरच्या इतर माणसांच्या बायका होत्या.  खड्डा तयार होता, दगड भिंतीला टेकवून ठेवलेला, त्याच्यावर त्याचं नाव. मी ते वाचलं आणि उभी राहू शकले.

खड्डा खणणाऱ्याने गाठोड्यासाठी हात पुढे केला. आईंनी दिलं नाही. आधी सगळ्यांना वाटलं, जरा वेळ हवाय. आम्ही थांबलो. मग त्या होत्या तिथेच ओल्या मातीत खाली बसल्या, गाठोडं पोटाशी धरून. मी शेजारी बसले आणि हळूच म्हणाले की आई, द्या आता. त्यांनी मान हलवली.

आणि मग त्या बोलल्या, माझ्या कानाशी, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा. त्या म्हणाल्या की वर्षभर त्या मला जे सुनावत होत्या ते खरंच होतं, पण ते म्हणायचं बळ त्यांना माझ्यामुळे होतं. मी रोज बंदराकडे जायला निघायचे, तेव्हा त्या मशीनवर बसून मनात म्हणायच्या की ही वेडी आहे, पण बरं आहे, घरातलं कुणीतरी त्याच्यासाठी जातंय. एक माणूस वाट बघत असलं की दुसऱ्याला शहाणं होता येतं. मी मनापासून ‘येईल, येईल’ म्हणत होते, म्हणून त्यांना ‘नाही’ म्हणता येत होतं. आणि त्या दिवशी बसमध्ये मी हो म्हणाले, तेव्हा त्यांचा मुलगा गेला. वर्षापूर्वी नाही, ताई, तेव्हा. माझ्या तोंडून. त्या म्हणाल्या की तूही सोडलंस, तर आता त्याची वाट बघणारं या जगात कोण राहिलं?

 आपण दोघींनीही त्यांना किती चुकीचं वाचलं. त्या बसमध्ये गप्प होत्या, तेव्हा मी अट म्हटलं. कपड्यांचं विचारलं, तेव्हा तू मातीतला गारवा सांगितलास. आणि त्या एकट्या तुटत होत्या, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे.

खड्डा खणणाऱ्याने बराच वेळ वाट बघितली. मग अगदी मऊपणाने मला विचारलं की बुजवू की उघडा ठेवू, कारण त्याला दुपारी दुसरीकडे काम होतं. मी बुजव म्हणाले. त्याने रिकामा खड्डा बुजवला. लोक एकेक करून आईंच्या खांद्याला हात लावून गेले. दगड पुन्हा गाडीवर चढवून परत नेला.

संध्याकाळी मी पुन्हा वाट बघून बघितली, ताई. खरंच बसून प्रयत्न केला, आधीसारखं बेट मनात आणायचा, तराफा आणायचा, दाढी वाढलेला तो. काही येत नाही. तो मेला आहे हे मला आता इतकं पक्कं माहीत आहे की त्याच्या परत येण्याचा विचारसुद्धा मला दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला वाटतो. इतके दिवस मी धरून ठेवलं होतं आणि त्यांच्यासाठी सोडलं, आणि त्यांना तेच हवं होतं जे मी सोडलं.

घरी परत येतानाचं तुला सांगितलंच नाही. आई माझा दंड धरून चालत होत्या, दुसऱ्या हातात गाठोडं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की लहान मूलही तसं बघत नाही. आणि त्यांनी मला विचारलं, की येईल ना गं तो?

मी म्हणाले, येईल.

पुढे लिहवत नाही. तू आहेस एवढं असू दे.

तुझी,
मुंगी